डावीकडून तिसरी पट्टी

आमच्या घरात पियानो आहे आणि वाजवणारं एकही माणूस नाही, असली आमची तऱ्हा. आजोबा बोटीवर सुतार होते. मोडीत निघालेल्या एका बोटीवरून त्यांनी तो मागून घेतला आणि मचव्यात घालून रत्नागिरीला उतरवला. त्यांच्यामागे तो काकांकडे आला. काकांना त्यातली एकच पट्टी ठाऊक होती, डावीकडून तिसरी. मासेमारीहून आले की पाय धुवायच्या आधी ते ती दाबायचे. पोटातून यावा तसा आवाज निघायचा आणि आत काकू चहाचं आधण ठेवायची.

मग एकदा लाँच परत आली आणि काका आले नाहीत. वाऱ्यात तोल गेला, एवढंच बरोबरच्यांनी सांगितलं. देह मिळालाच नाही. भावकीने ठरवलं, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची, आणि काकूही तयार झाली होती. पण त्याच आठवड्यात भर दुपारी, झाकण बंद असताना, पियानो वाजला. काकूने उठून आधण ठेवलं. त्यानंतर तिने क्रियेचं नाव काढू दिलं नाही.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला नोकरी लागली म्हणून मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा हे ऐकून खुशाल हसले होते. आठव्या दिवशी माझं हसू जिरलं. मी पियानोसमोरच भाजी निवडत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि आतून बारीक, लांबलचक घुमणं सुरू झालं. मी भाजी तशीच टाकून उठले. काकू दोन कप घेऊन आली, एक पियानोवर ठेवला, आणि निवल्यावर माडाच्या मुळाशी ओतला. पावसाळ्यात मात्र पियानो गप्प असायचा. काकू म्हणायची, आता दर्या बंद, ते तरी कसे येणार.

दोन वर्षं मी हे सोसलं. मग माझं टाळकंच सरकलं. वाडवडिलांची वस्तू आहे, चांगली की जळणात घालायच्या लायकीची ते तरी कळू दे, असं सांगून मी गोव्याहून एक म्हातारे पियानोवाले बोलावले. काकूला उलट आनंदच झाला.

त्यांनी पुढची फळी काढली आणि नाकाला रुमाल लावला. काकूने कौतुकाने खुलासा केला. दरवर्षी होडीला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावलं की उरलेलं काका पियानोला आतून चोपडायचे, लाकूड सडू नये म्हणून. दर्यावर जाण्याआधीही भरपूर लावून गेले होते. म्हाताऱ्यांनी रुमाल खिशात घातला. मग एकेक पट्टी दाबत, कान लावत त्यांनी निकाल दिला. लाकूड उत्तम, आतली लोखंडी चौकट धड, तारा जाड आणि शाबूत. पण तेलाने तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल पडल्यात, त्यामुळे सूर टिकायचे नाहीत. चांगल्या वाद्याला माणसांनी होडी समजून मारलंय, असं ते म्हणाले, आणि मला आमची लाज वाटली.

काकू आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. प्रत्येक तारेवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, छोटी गादी टेकलेली असते, ती आवाज थांबवते. तिसऱ्या पट्टीची गादी तेलाने चिकटून तारेपासून दूरच अडकली होती, तार मोकळी राहिली होती. एवढ्यात खाडीत लाँच शिरली. इंजिनाची घरघर आली आणि कुणाचा हात नसताना ती तार आमच्या डोळ्यांदेखत थरथरली, घुमू लागली. त्यांनी बोट टेकवलं, आवाज गेला. उचललं, परत आला. स्वयंपाकघरात आधणाचं भांडं वाजलं.

नीट करू का, त्यांनी विचारलं. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, करा.

दुसऱ्या दिवशी लाँच आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. पियानो वाजला नाही. काकू उंबऱ्यात बसून राहायची. त्या माणसाने काही मोडलं का, असं तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, नाही, उलट दुरुस्त केलंय, आणि पुढे खरं सांगायचा धीर झाला नाही. ती जेवेनाशी झाली. त्या घुमण्याची मला भीती वाटायची, पण ही शांतता जास्त वाईट होती. घर कानात बोळे घातल्यासारखं झालं होतं.

पाचव्या दुपारी लाँचची घरघर जवळ आली, तशी मी गुपचूप उठले आणि तिसरी पट्टी दाबली. आवाज अगदी तोच, खालून आलेला. हात मागे घेऊन मी आधणाच्या भांड्याची वाट पाहत राहिले.

काकू पदराला हात पुसत दारात आली. माझ्याकडे नाही, पियानोकडे पाहत होती.

“हा तू वाजवलास गो,” ती म्हणाली. “भटजींना बोलाव आता. तुझ्या काकांचं काय ते करून टाकूया.”