मागच्या चाकावरची पांढरी खूण

साखरेच्या बरणीचं झाकण काही केल्या निघेना. माझ्या धाकट्या दिरांनी लावलेलं झाकण काढायलाही तेच लागतात, हे आमच्या घरी अठरा वर्षं चालत आलेलं.

"भाऊजी, झाकण लावता की सूड उगवता?" मी ओरडले.

"सैल ठेवलं तर मुंग्यांची चैन, वहिनी," म्हणत ते ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आले, तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कुणीतरी तळहाताने धडाधड बडवत होतं.

दारात समोरचे मास्तर. समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडच्या मोटार कारखान्यातले. भाऊजी अलीकडच्या कारखान्यात फिटर. दोन्ही कारखान्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य; इकडची माणसं तिकडच्या टपरीवर चहासुद्धा घ्यायची नाहीत. आणि मग दोन्हीकडच्या मालकांनी मिळून एक स्पोर्ट्स कार काढायचं ठरवलं. इंजिन त्यांचं, सांगाडा आपला, आणि जोडणीला एकाच शेडमध्ये दोघांची माणसं. भाऊजी आठवडाभर फुगून बसले होते. "त्यांचं अर्धवट काम मी पुरं करायचं?" हेच पालुपद. असे हे मास्तर आमच्या दारात पहिल्यांदाच उभे होते, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काल मी गेल्यावर मागच्या डाव्या चाकाच्या दांड्याचा बोल्ट तुम्ही आवळलात ना?"

"मी कशाला? पांढरी खूण होती की त्यावर. म्हणजे आवळलेलाच."

मास्तरांनी चौकट धरली. "आमच्याकडे बोल्ट नुसता हाताने बसवला की खूण करतात. आवळायचा राहिलाय, हे पुढच्याला कळावं म्हणून. आवळला की मग खुणेवर रेघ."

"आमच्याकडे आवळल्यावरच खूण करतात," भाऊजी म्हणाले. शेवटचे शब्द जेमतेम ऐकू आले.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "अहो, मग फोन करा ना कुणाला तरी!"

"केला. गाडी अजून गुप्त आहे, चाचणीच्या ट्रॅकवर सगळ्यांचे मोबाइल गेटवरच काढून घेतात. गेटवाला म्हणतो, चाचणी थांबवायची तर दोन्ही कंपन्यांची सही हवी. माझ्या एकट्याची चालत नाही." मास्तर थांबले. "गाडी आज माझी मुलगी चालवणार आहे. दहाला. निघताना तिच्या हातात गाडीचा कागद होता. त्यावर तुम्ही लिहिलंय, 'खूण पाहिली'. ती गेली आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक झाला. सही करायची म्हणजे आपली चूक आपल्याच हाताने लिहून द्यायची. भाऊजींच्या कारखान्यात सैल काम सोडणाऱ्याला दुसरी संधी नसते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या फिटरला तडकाफडकी घालवलं, तेव्हा भाऊजींच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नव्हता. तरी त्यांनी बूट पायात सारले.

"वहिनी, गाडी तुम्ही काढा. माझे हात बघा."

मी किल्ली उचलली.

साडेनऊला ट्रॅकच्या गेटवर पोचलो आणि कुंपणापलीकडून इंजिनाचा आवाज आला. चाचणी लवकर सुरू झाली होती.

"दुसरी फेरी आहे," गेटवाला खणात फॉर्म शोधत म्हणाला. "पहिल्या तीन हळू घेतात. चौथीला पूर्ण वेगात सोडतात."

"कोऱ्या कागदावर लिहून घ्या हो!"

"ताई, छापीलच लागतो."

आवाज जवळ यायचा, जाळीमागून लाल काहीतरी सर्रकन जायचं, आणि वळणामागे आवाज बारीक होत नाहीसा व्हायचा. मास्तर बोटं मिटत होते. दोन. तीन.

फॉर्म सापडला. 'कारण' या रकान्यात भाऊजींनी लिहिलं, 'बोल्ट मी तपासला नाही.' एरवी त्यांचं अक्षर किती रेखीव. आज पहिलीतल्या पोराचं वाटत होतं. दोघांनी सह्या केल्या. गेटवाल्याने फोन उचलला. तेवढ्यात गाडी चौथ्यांदा वळणामागे गेली, आणि आवाज तुटला.

मास्तर मटकन खाली बसले. मी त्यांना पाणी द्यायला बाटली काढली, पण बूच काही मला उघडेना.

बऱ्याच वेळाने मंद घरघर ऐकू आली. गाडी रांगत गेटजवळच्या छपराखाली आली. मुलीने हेल्मेट काढलं.

"बाबा, तुम्ही इथे? मागून खडखड यायला लागली म्हणून थांबले होते मी वळणावर."

चाक काढलं. भाऊजींनी बोल्टला बोटं लावली. तो दोन बोटांत गरगर फिरला.

भाऊजींचे साहेब आले, फॉर्म वाचला, पुन्हा वाचला, आणि ओळखपत्र काढून ठेवायला सांगितलं. भाऊजींनी ते गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, एक मागणं आहे."

"काय?"

"जायच्या आधी तो बोल्ट मला आवळू द्या."