चढावरचा बाक आणि निळा खडू

गल्लीत त्यांना सगळे खडूकाका म्हणत. हे नाव मायेने पडलं की वैतागून, यावर गल्लीचं एकमत नव्हतं. काका मूळचे शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, ते आता लेक चालवायची. दुकान हाती घेतल्यावर तिने काकांना आधी मशीनवरून, मग कापायच्या टेबलावरून आणि शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीवरूनही उठवलं. कारणही तसंच होतं. दुसरीकडे शिवलेला शर्ट घालून एखादा नुसतं बटण घ्यायला आला, तरी काका खडू काढून त्याच्या खांद्यावर रेघ मारत आणि सांगत, "इथे झोळ आहे." गिऱ्हाईक खांदा झटकत निघून जाई.

"बाबा, तुम्ही जरा फिरून येत जा," एकदा लेक म्हणाली.

"किती वेळ?"

"दुकान बंद होईपर्यंत."

तेव्हा काका फिरायला लागले आणि त्यांच्या खिशातला निळा खडूही फिरायला लागला. आयुष्यभर कपड्यातला झोळ शोधलेली नजर, ती काय रस्त्यावर आली म्हणून मिटणार? हललेली फरशी दिसली की तिच्याभोवती गोल. जिन्याची फुटलेली पायरी, वाकलेला कठडा, गटाराचं सरकलेलं झाकण, सगळ्यांवर निळी खूण. मग फोटो काढायचा, पालिकेच्या तक्रारपेटीत फोनवरून टाकायचा आणि गल्लीच्या ग्रुपवर लिहायचं, "आजची खबर: पिठाच्या गिरणीसमोरचा दिवा डोळे मिचकावतोय. कळवलं आहे." लोक हसायचे, पण चहाबरोबर आधी काकांचीच खबर वाचायचे. दिवे खरोखर नीट व्हायचे, झाकणं जागेवर यायची. तोटा एवढाच की कोणी फरशीला ठेचकाळलं, की तिथे निळा गोल हमखास असायचा आणि मग दोष द्यायला स्वतःशिवाय कोणी उरायचं नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. एवढ्या सगळ्यात काकांनी स्वतः कधी एक खिळा ठोकला नव्हता. दुकान ऐन भरात होतं तेव्हा ते खुणा करायचे आणि कारागीर टाके घालायचे. रस्त्यावरही त्यांनी हीच वाटणी ठेवली होती. पालिका त्यांच्या मते एक भलंमोठं दुकान होतं आणि तिथले कारागीर जरा आळशी होते, इतकंच.

काकूंना या उद्योगाचं ना कौतुक ना राग. त्यांचा दिवस संध्याकाळच्या भोवती फिरायचा. गल्ली जिथे संपते तिथून चढ लागतो आणि चढाच्या टोकाला काकूंची थोरली बहीण राहते. ताईंना आता जिना उतरवत नाही, म्हणून रोज संध्याकाळी काकू वर जायच्या आणि दोघी पत्ते खेळायच्या. ताई लबाडी करायच्या. काकूंना ते दिसायचं. त्या हरायच्या, भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हरायला जायच्या. हे सगळं एका बाकाच्या जिवावर चाललं होतं. चढाच्या मध्यावर पालिकेचा एक जुना लाकडी बाक होता. काकूंचे गुडघे तिथपर्यंत कसेबसे साथ देत, मग तिथे टेकायचं, श्वास खाली बसू द्यायचा आणि उरलेला चढ चढायचा. तो बाक नसता, तर ताईंचं घर दुसऱ्या गावात असल्यासारखंच होतं.

एका संध्याकाळी घरी आल्यावर काकू सहज म्हणाल्या, "अहो, त्या बाकाचा एक स्क्रू वर आलाय. शाल अडकते."

मीठ संपलंय, अशा सुरात त्या बोलल्या. पण काकांचा ऊर भरून आला. साऱ्या गल्लीची दुखणी त्यांनी पालिकेपर्यंत पोचवली होती, पण घरातून तक्रार आली ती पहिलीच. दुसऱ्या दिवशी ते उजाडताच बाकाजवळ हजर झाले. स्क्रू सापडला. त्याच्याभोवती त्यांनी लहानसा, देखणा गोल काढला.

तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण उठताना त्यांना फळीला गेलेली बारीक चीर दिसली. तिच्या कडेने रेघ मारली. मग पाठीचा रंग उडालेला दिसला. मग मागचा पाय किंचित आखूड वाटला. मग एक हात दुसऱ्यापेक्षा तिरका निघाला. काका रंगात आले. बाकाला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. माप बघायला गिऱ्हाईक अंगावर कच्चा शिवलेला कोट घालून उभं असावं तसा तो बाक निळ्या रेघांनी भरून गेला. पालिकेच्या तक्रारपेटीत एका फोटोला एकच तक्रार लिहिता येते, म्हणून काकांनी प्रत्येक खुणेची वेगळी तक्रार केली आणि समाधानाने घरी जाऊन नाश्ता केला.

पालिकेने त्यांना खोटं पाडलं. एरवी महिना महिना न हलणारी गाडी या वेळी दुसऱ्याच दिवशी आली. माणसांनी बाक उपटला, गाडीत घातला आणि ती निघून गेली. जमिनीत चार भोकं तेवढी राहिली.

त्या संध्याकाळी काकू अर्ध्या चढापर्यंत गेल्या. कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. घरात आल्या त्या थेट खुर्चीत बसल्या.

"बाक नेलाय," त्या म्हणाल्या. "कोणी मेल्याने तक्रार केली असणार. त्या बाकाने याचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे."

काका वर्तमानपत्रात तोंड घालून बसले.

गल्लीच्या ग्रुपवर तर नुसता गोंधळ. कोणी म्हणालं भंगारवाल्याने नेला, कोणी म्हणालं तिथे आता गाड्या लावणार. गिरणीवाल्याने लिहिलं, "खडूकाका, तुमच्याशिवाय हा तपास लागायचा नाही." सगळ्यांनी त्यावर होकाराचे अंगठे टाकले. काकांनी बराच विचार करून लिहिलं, "आजची खबर: कोपऱ्यावरच्या नळाची गळती थांबली."

काकूंनी दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला, आणि मग जाणंच सोडलं. ताईंनी फोनवरून पत्ते खेळायची टूम काढली. ताई म्हणतील ते पान खरं मानायचं, म्हणजे लबाडीला मोकळं रानच. एक डाव झाला आणि काकूंनी फोन ठेवला. मग त्यांनी पत्ते नीट जुळवले, त्यांना रबर लावलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले. काका ते बघत होते. आपण बायकोची संध्याकाळ उपटून गाडीत घालून दिली, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

ते तडक पालिकेत गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तक्रार कोणाची?"

"माझीच."

"मग काम झालंय की."

"झालंय म्हणूनच आलोय. मला तक्रार मागे घ्यायचीय."

"झालेल्या कामाची तक्रार कशी मागे घेणार?" बाई म्हणाल्या, पण त्यांना दया आली असावी. त्यांनी गोदामाचा पत्ता दिला.

गोदामात मोडक्या घसरगुंड्या आणि वाकलेल्या खांबांच्या गर्दीत काकांचा बाक उभा होता, अंगभर निळ्या रेघांसकट. मुकादम जवळच डबा खात होता.

"हा मोडलेला नाही हो," काका म्हणाले.

"आम्हाला तरी कुठे तसा वाटला?" मुकादम म्हणाला. "एक स्क्रू तेवढा वर आलाय. पण ज्याने कोणी खडू चालवलाय ना काका, त्याने आमचं धाबं दणाणून सोडलं. एवढ्या तक्रारी आल्यावर साहेब म्हणाले, उद्या कोणी बसलं आणि पडलं तर आपण लटकू. उचला."

काकांनी खिशातला हात बाहेर काढला नाही. त्यांनी विचारलं, "परत बसवता येईल?"

"येईल की. गल्लीतल्या लोकांनी कळवायचं, बाक हवाय म्हणून. आणि तक्रार करणाऱ्याने सांगायचं, आता माझं काही म्हणणं नाही. तो भेटायला हवा फक्त."

घरी येऊन काका फोन घेऊन बसले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी ग्रुपवर आलं ते असं: "आजची खबर: चढावरचा बाक मी घालवला. एका स्क्रूसाठी गेलो आणि हौसेने सगळा बाक रंगवला. परत हवा असेल तर कृपया हो म्हणा. माझ्या घरी तो फार हवा आहे."

आधी गिरणीवाल्याचं "हो" आलं, त्यामागोमाग लेकीचं, आणि मग हो-हो म्हणून फोन टुणटुणतच राहिला. काकांचं लक्ष मात्र स्वयंपाकघराकडे होतं. काकूंचा फोनही तिथेच वाजत होता. त्या आमटी ढवळायच्या थांबल्या, वाचलं आणि दारात आल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही खुणा केल्यात त्या संध्याकाळी मी तिथे बसले होते. शाल निळी झाली पाठीमागे. गल्लीत निळा खडू कोण बाळगतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"साऱ्या गल्लीची खबर देता. म्हटलं, घरची कधी देताय ते बघू."

काकांनी सगळ्यांचे हो आणि आपलं आता काही म्हणणं नसल्याचं पालिकेला कळवलं, आणि बाक परत आला. काकू आणि काका दोघे मिळून चढाला लागले. काकू टेकल्या, मागे रेलल्या आणि लगेच सावरून बसल्या. शाल अडकली होती. नेताना, ठेवताना, आणून बसवताना कितीक हात त्या बाकाला लागले होते, पण स्क्रू होता तसाच वर होता.

काकांचा हात सवयीने खिशात गेला. काकूंनी नुसतं बघितलं. काकांनी हात बाहेर काढला आणि ते उतार उतरून घरी गेले. येताना धापा टाकत आले, हातात शिलाई मशीनचा पेचकस होता. गुडघे टेकून त्यांनी स्क्रू फिरवला. पहिल्यांदा उलटाच फिरवला, मग सुलटा. काकूंनी हात फिरवून पाहिला.

"बसला," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं."

"मागचा पाय मात्र किंचित..."

"खडू द्या इकडे."

काकांनी तो निमूट दिला. काकूंनी तो पिशवीत पत्त्यांच्या शेजारी टाकला, उठल्या आणि उरलेला चढ चढू लागल्या. वर ताई खिडकीत उभ्या होत्या आणि उशीर झाला म्हणून आतापासूनच भांडत होत्या. काका बाकावर बसले. तो थोडा डुगडुगत होता. काकू खाली उतरेपर्यंत ते तसेच बसून राहिले.