चार ओळींची कोरी जागा

नामदेवशी भांडायचं म्हणूनच मी बालाघाटला निघालो. आपल्या मंडळाच्या हस्तलिखित मासिकाचा तो संपादक, आणि नव्या अंकात त्यानं माझ्या कवितेतल्या चार ओळी गाळल्या होत्या. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या माणसाकडे वेळ भरपूर, राग त्याहून जास्त. नामदेव राइस मिलमध्ये कारकून. 'पोत्यांवर शिक्के मारणाऱ्याला कविता काय कळणार?' असं पत्र मी नागपुराहून आधीच टाकलं होतं.

मंडळाच्या बैठकीला यायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो: गोंदियापर्यंत मोठी गाडी, पुढं छोटी. गोंदियाच्या फलाटावरच भजी घेऊन ठेवा. छोटी गाडी इतकी सावकाश चालते की भाताच्या बांध्यांतल्या बायकांशी बोलणं पुरं होतं.

समोरची म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत होती.

"काहून असा फुगून बसला गा? बायको माहेरी गेली का?"

"बायकोच नाही, माय."

"मंग तं अजूनच कठीण."

तिला काय सांगणार? आपल्या अंकाची हातोहात फिरणारी प्रत एकच, ती बालाघाटची कुसुम लिहून काढते, आणि तिच्या हातून माझे शब्द उतरावेत एवढ्यासाठीच मी कविता पाठवतो! लिहिणारीनं काना-मात्राही बदलायचा नाही, हा मंडळाचा नियम. मला तो फार आवडायचा.

स्टेशनापासून नामदेवचं घर पायी दहा मिनिटं. त्याच्या आईनं चिन्नोरचा भात वाढला. त्या वासानं निम्मा राग उतरला. उरलेला मी जेवण झाल्यावर काढला.

"ओळी काहून काढल्या?"

"जागा नव्हती."

मी पिशवीतून अंक काढून पान त्याच्यासमोर धरलं. "मग ही चार ओळींची कोरी जागा कसली?"

दारातून आवाज आला, "मी सोडली."

शाळेत शिकवून कुसुम परस्पर मी आणलेला अंक न्यायला आली होती.

"लिहायला बसली, पण हात चालला नाही. त्या चार ओळींत तुम्ही लिहिलं, ती घाटावर तुमची वाट पाहते. मी कधी थांबली तुमच्यासाठी? माझं अक्षर लांजी-बिरशापर्यंत सगळे ओळखतात."

"कविता आहे ती."

"कविता तुमची. अक्षर माझं आहे."

नामदेव म्हणाला, "नियम मोडला म्हणून तिचं लिहिणंच बंद झालं असतं. तुह्या शिव्या मले पचतेत."

संध्याकाळच्या बैठकीत कुसुमनं स्वतःच सगळं सांगितलं. वाद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं: लिहिणारीला नको ती ओळ कोरी सोडता येईल. 'हौ' म्हणत पहिला हात मी वर केला. तो हात जड होता, हे लपवत नाही.

सकाळी स्टेशनावर नामदेवनं खिशातून माझं पत्र काढलं. वाटलं, फाडून तोंडावर फेकतो आता. तो म्हणाला, "शिक्क्यांची गोष्ट मस्त जमली बे. कवितेत काहून नाही जमत तुले असं?" मी माफी मागायला लागलो, तेवढ्यात गाडी हलली. राहिलेली माफी मी खिडकीतून ओरडून मागितली.

नागपुरात येऊन आठवडा झाला. वैनगंगेचा घाट बघायचा राहूनच गेला. तिथं माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं, हे आता पटतंय. पटतंय, पण दुखतंय. मित्र मात्र राहिला.

हा मजकूर अंकासाठी पाठवतो आहे. तो तुमच्या हाती येईल तेव्हा मध्ये कुठं कोरी जागा दिसली, तर ती कुसुमची आहे. मी भांडायला येणार नाही.