बेचाळिसाव्या पानावरची बंदूक

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांनाही, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की नागपुरातल्या तीन प्रौढ, विवाहित, पक्षीप्रेमी गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात चार महिने एक बंदूक आळीपाळीने आपापल्या घरात लपवून ठेवली होती. बंदूक कागदाची होती. पण म्हणून गुन्हा लहान होत नाही.

त्या तिघांतला एक मी. दुसरा बुटीबोरीच्या एका कारखान्यातला फोरमन आणि तिसरा कामठीचा कापडवाला. दर रविवारी पहाटे आम्ही कोराडीच्या तलावावर पक्षी पाहायला जातो. आमच्या पुढे चालतात आमचे सर, प्राणिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्या तलावावरच्या पाखरांची मोजदाद त्यांनी वर्षानुवर्षं एका निळ्या वहीत लिहिली आहे. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "हा हिवाळा संपला की वही तुमच्यापैकी एकाला देईन. ज्याची नजर पक्की, त्याला."

मला ती वही हवी होती. इतकी, की परतताना तर्री-पोह्याच्या गाडीवर मी आधी सरांची प्लेट आणायचो. कापडवाला म्हणायचा, "सरांचं स्टूल उचलता, सरांची प्लेट उचलता. आता सरांनाच उचलून आना ना गा!"

सरांना बंदुकीचा भयंकर तिटकारा. एका लग्नात वरातीत कोणी हवेत छऱ्याची बंदूक उडवली, तर सर जेवणाच्या पंगतीतून उठून, जिलबी अर्धी टाकून घरी निघून आले होते.

अशात फोरमनच्या भाच्याने परदेशातून मामासाठी दुर्बीण पाठवली. खोक्यात दुर्बिणीखाली दुकानदाराने प्रेमाने घातलेला एक जाडजूड कॅटलॉग होता. शिकारीच्या बंदुकांचा. फोरमनने दुर्बीण बाजूला ठेवली आणि कॅटलॉग घेऊन थेट माझ्या घरी आला. आल्या आल्या म्हणाला, "पहिले हात धुवा."

आम्ही हात धुतले. आता खोटं कशाला बोलू? आमच्यापैकी कोणी जत्रेतल्या फुग्यांपलीकडे आयुष्यात बंदूक उडवलेली नाही, आणि पुढेही उडवणार नाही. पण ते फोटो! दवाने भिजलेलं गवत, कुंपणाला टेकवलेली बंदूक, आणि तिच्या दस्त्यावर सकाळचं असं ऊन की लाकडातली एकेक रेष मोजावी. आपण जंगलात जातो तेव्हा जे हवं असतं, ते धुकं, ती शांतता, तो थंडीचा वास, सगळं त्या गुळगुळीत कागदावर होतं. डास नव्हते, गुडघे दुखत नव्हते, शेजारी वीजकेंद्राचे कोळशाचे ट्रक नव्हते. जंगल जणू स्वतः न्हाऊन-माखून आपल्याला भेटायला आलं होतं.

आणि बेचाळिसावं पान! जुन्या ओंडक्यावर आडवी ठेवलेली दुनळी, अक्रोडाचा दस्ता, पोलादावर नाजूक वेलबुट्टी, मागे चामड्याची थैली, तिची टोकदार दोरी आणि लोंबता तपकिरी पट्टा. कापडवाल्याने त्या पानाला भिंग लावलं आणि म्हणाला, "अशी वेलबुट्टी आमच्या कोनत्याच लुगड्यावर नाही बाप्पा."

मग नियम ठरले. आठवडाभर एकाकडे, मग दुसऱ्याकडे. पान कोपऱ्याला धरून उलटायचं. आणि सरांना कळू नये म्हणून कॅटलॉगला पक्ष्यांच्या पुस्तकाचं वेष्टन घालायचं. त्या वेष्टनावर एक नीलपंख इतक्या निरागसपणे बसलेला होता, की मला रोज त्याची लाज वाटायची. रोज, म्हणजे माझ्या पाळीच्या आठवड्यात, जेवण झाल्यावर, पान उलटताना.

फेब्रुवारी संपत आला. एका रविवारी सकाळी तलावावरून परतताना सर म्हणाले, "आज तुमच्याकडे चहा घेऊ." त्यांच्या काखेत निळी वही होती. 

बैठकीत सगळे बसले. सरांनी वही माझ्यापुढे ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "शेवटचं पान मी लिहितो, खाली तुम्ही सही करा. यंदाची एकच खंत. अकरा रविवार थांबलो, पण टोकदार शेपटीचं तलवार बदक एकही दिसलं नाही. बरं, त्याच्या शेपटीचं माप पाहू. पुस्तक आहे ना?"

मी "शोधतो" म्हणेपर्यंत बायको आतून आलीसुद्धा. "हे घ्या ना सर, रोज जेवले की हेच तं पाहून राहते हे."

नीलपंख सरांच्या मांडीवर गेला. सरांनी वेष्टन उघडलं. फोरमन छताकडे पाहू लागला, कापडवाला चपला शोधू लागला. सरांनी एक पान उलटलं. दुसरं उलटलं. पुढे बेचाळिसाव्यावर थांबले. मी मनातल्या मनात वहीला निरोप दिला.

सरांनी खिशातून भिंग काढलं. ते दस्त्यावर धरलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्रोड आहे हो. काय रेषा आहेत!"

मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. सर! अर्धी जिलबी टाकणारे सर! पुढच्या क्षणी चौघांची डोकी त्या पानावर एकत्र आली. कापडवाला वेलबुट्टी दाखवतो आहे, फोरमन पोलाद समजावतो आहे, सर उन्हाचा कोन सांगत आहेत. "आठवडाभर माझ्याकडे राहू दे," असंही सर म्हणाले, अगदी लाजत. एका हाताने त्यांनी पेन माझ्या बोटांत दिलं.

बायको चिवड्याची ताटली घेऊन आली. ठेवायला जागा नव्हती म्हणून उभी राहिली, आमच्या डोक्यांवरून पानात डोकावली, आणि म्हणाली, "हे बदक काहून मारलं?"

"कोणतं बदक?" आम्ही चौघं एकदम.

तिने बोट ठेवलं. तो पट्टा नव्हता. ती मान होती. तपकिरी, लांब, ओंडक्यावरून खाली लोंबलेली. चोचीच्या टोकाशी एक लाल थेंब. थैलीमागून निघालेलं ते टोकदार काहीतरी, ज्याला मी चार महिने थैलीची दोरी समजत होतो, ती शेपटी. तलवार बदक. नर. पूर्ण वाढलेला.

 अकरा रविवार ज्याच्यासाठी थंडीत कुडकुडलो, ते रोज जेवण झाल्यावर माझ्या मांडीवर मरून पडलेलं होतं. फोरमनच्या गळ्यात परदेशी दुर्बीण तशीच लटकत होती. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "आधी सगळं पाहा, मग आवडतं ते पाहा," हे वाक्य त्यांनी आम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. त्यांनी भिंगाकडे असं पाहिलं, जणू त्यानेच फितुरी केली.

मग त्यांनी माझ्या बोटांतलं पेन काढून घेतलं. कॅटलॉग मिटला. वही उचलली, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, स्वतःशीच मान हलवली आणि उठून ती माझ्या बायकोच्या हातात, चिवड्याच्या ताटलीखाली सरकवली.

"सूनबाई, पुढच्या रविवारपासून मोजणी तुमची. नजर तुमचीच आहे."

तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घाबरून ओरडलीच, "अवो सर, पन मले तं हे मेलेलं होतं म्हनून दिसलं! उडनारं एकही मले ओळखू येत नाही!"