आईला पाजलेलं हँडपंपाचं पाणी

आज आमच्या देवासच्या नळाला नर्मदेचं पाणी आलं. ओल्या मातीचा तो वास नाकात शिरला आणि आईचा शेवट डोळ्यांपुढे आला.

जाणाऱ्याच्या तोंडात नर्मदा घालायची आमची रीत. पण देवघरातल्या गडूतलं नर्मदाजल केव्हाच आटलेलं. मी मोठा मुलगा, रिकामा गडू कसा दाखवणार? गुपचूप हँडपंपावरून भरला आणि तुळशीपानाने आईच्या ओठांत थेंब सोडले. तिचे डोळे खाडकन उघडले!

"मेल्या, हे तर हँडपंपाचं खारट पाणी! नर्मदा आण. तोवर मी कुठे जात नाही."

जन्मात कुणापुढे चूक कबूल केली नव्हती, ती त्या दिवशी केली आणि नर्मदाकाठच्या नेमावरची बस धरली. परतताना ड्रायव्हरला म्हटलं, "भिया, माँ रुकी है, दौड़ाओ!" त्यानेही अशी दामटली की बस्स!

घरी पोचलो तर आई जागी! दोन थेंब नाही, अख्खा गडू प्यायली. म्हणाली, "आता कसं गोड लागलं!" आणि दुसऱ्या दिवशी सुखाने गेली.

आईला नर्मदा मीच पाजली, असं मी वर्षानुवर्षं मिरवलं. आता तिच्या वयाला आल्यावर कळतं, माझ्या डोक्यावर खोटेपणाचं ओझं ठेवून तिला जायचंच नव्हतं.