डोंगरावरचा जांभळा चौकोन

हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. बाबांनाही सांगितलेलं नाही — आणि आमच्या घरात त्यांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे उशाला घेऊन मी मोठी झाले. खोटं छापायचं नाही, एवढा एकच नियम होता घरात.

तलासरीच्या पूर्वेला, आमच्या पाड्यामागच्या डोंगरावर दगडखाण येणार होती. मी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. कुणी हललं नाही. मग तो नकाशा आठवला — लोक मोबाइलवरून पक्ष्यांच्या नोंदी पाठवतात, आणि जो पक्षी जिथे दिसला तिथला चौकोन जांभळा होतो. आमच्या डोंगराच्या नोंदी बहुतेक माझ्याच. माझ्या? नाव माझं, कान पाड्यावरच्या जानूकाकांचे. गुरं चारता चारता ते आवाजावरून पक्षी सांगायचे, मी टाइप करायचे.

रानपिंगळा दुर्मीळ, जंगलातलं छोटं घुबड. तो सापडला तर खाण अडेल असं मला वाटलं. चिंचेवरच्या साध्या पिंगळ्याचा एक धूसर फोटो चढवला आणि नाव दिलं रानपिंगळा. खात्री होती म्हणून नव्हे. खोटं आहे हे ठाऊक असताना.

नोंदी तपासणारे एक निवृत्त मास्तर डहाणूहून आले. पाड्यावर दहा-बारा माणसं जमली. त्यांनी मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज ऐकवला. काकांनी दोनदा ऐकला.

“नाय मास्तर. ह्यो आमच्या डोंगरात नाय. आला आसता तर पयला मला भेटून गेला आसता.”

सगळे हसले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? ‘चूक झाली’, एवढंच. पण मी म्हणाले, “काकांचं काय घेऊन बसलात, मास्तर. त्यांना सगळे पिंगळे सारखेच.”

लोक पुन्हा हसले — या वेळी काकांना. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. उठून गुरांमागे गेले.

मास्तरांनी माझ्या आधीच्या शेकडो नोंदींवर विश्वास ठेवला. रानपिंगळ्याच्या नकाशावर आमचा चौकोन जांभळा झाला. तो नकाशा मी पत्रकावर छापला, डहाणूच्या बाजारात वाटला. खाण पुढे जमिनीच्या कागदपत्रांत अडकली. माझा पिंगळा कुणी विचारलासुद्धा नाही. पण खाण त्याच्यामुळे थांबली असती, तरी मी काकांच्या बाबतीत जे केलं ते वेगळं झालं असतं का? — नाही.

नोंद काढून टाकायला एक बटण पुरतं. मी ते अजून दाबलेलं नाही. दाबलं तर मास्तर कारण विचारतील.

यंदा शाळेच्या मुली पक्षी मोजायला आल्या. झाडीतून एक बारीक शीळ आली. एकीने काकांना विचारलं, हा कोण? त्यांचा हात सवयीने त्या झाडाकडे उठला, आणि अर्ध्यावरून खाली आला.

“मला नाय समजत, बाय. तिला इचारा.”

मुली माझ्याकडे वळल्या. मला तो आवाज ओळखता आला नव्हता. मी एक नाव सांगितलं, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.