शेषरावासारखं कपाळ

जानेफळच्या शेषरावाचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता, आणि दीड वर्षातच तो मुदतीच्या तापानं गेला. बायको रुख्मिणी तेव्हा सातव्या महिन्यात होती. मुलगी झाली, कोकिळा. बोलायला लागल्यापासून ती विचारायची, "माहा बा कसा होता?" घरातले, शेजारचे, सगळे एकच सांगत, "तुह्या आबासारखा. तेच कपाळ, तेच नाक."

आबा म्हणजे रुख्मिणीचे सासरे तुळशीराम. भावकीत कुरबुर झाली तरी त्यांनी सुनेला मॅट्रिक करवलं आणि १९६८ साली बुलढाण्याच्या एका अध्यापक विद्यालयात घातलं.

दुसऱ्या वर्षी तिथल्या खर्चे सरांनी कपाटातून किल्लीचा एक छोटा सिनेमाचा कॅमेरा बाहेर काढला. कुणीतरी देणगी दिलेला, तसाच पडून होता. पाच-पाच जणांनी मिळून चार मिनिटांची फिल्म करायची, विषय 'आमची एकशिक्षकी शाळा'. गटाला रीळ एकच. रुख्मिणीचा हात हलत नसे, म्हणून कॅमेरा तिच्याकडं आला. महिनाभर ती रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकली. किल्ली किती पिळायची, श्वास कधी रोखायचा, उन्हात भिंग किती बारीक करायचं. रीळ सावलीत भरायचं. एका वेळी त्याच्या अर्ध्याच रुंदीवर चित्र उमटे. ते संपलं की काढून पलटवायचं, मग उरलेल्या अर्ध्यावर. "एकदाच पलटवायचं," सर रोज बजावत. "दुसऱ्यांदा पलटवलं तर जुन्यावर नवं बसेल."

पुढं गट जानेफळला आला. वस्त्यांवरची पोरं गोळा करून शाळेत पोचवायचं काम तुळशीराम आपणहून करत, म्हणून पहिलं चित्रण त्यांचं ठरलं. ते धुतलेलं धोतर नेसून आले आणि कॅमेऱ्यापुढं उभं राहून त्यांनी पागोटं काढलं.

"मामाजी, राहू द्या ना डोक्यावर," रुख्मिणी म्हणाली.

"कपाळ दिसलं पाह्यजे व माय. पोरीले बाप दाखवाचा हाय."

किल्ली पिळून तिनं पहिल्या अर्ध्यातला बराचसा भाग त्यांच्यावरच संपवला.

दुपारी कोकिळेला ताप भरला आणि रुख्मिणी घरी गेली. तिच्या मागं गटातल्या उत्तमरावानं पहिल्या अर्ध्यातलं उरलेलं संपवून रीळ पलटवलं आणि वर्गाचं चित्रण उरकलं. सकाळी "झाला वर्ग," एवढंच म्हणून त्यानं कॅमेरा परत दिला. पलटवल्याचं सांगायचं राहिलं. रात्रभर जागलेल्या रुख्मिणीला वाटलं, वर्गही पहिल्याच अर्ध्यात बसला असेल. तिनं रीळ पलटवलं आणि पोरांची प्रभातफेरी घेतली.

दीड महिन्यानं रीळ मुंबईहून धुऊन आलं. पडद्यावर तुळशीराम उभे राहिले, आणि त्यांच्या छातीतून, कपाळातून झेंडे घेतलेली पोरं पळत गेली. मागून कुणीतरी हसलं.

"दोनदा कोणी पलटवलं?" सरांनी विचारलं.

उत्तमराव आपल्या चपलांकडं बघत राहिला. काय झालं ते रुख्मिणीला तेव्हा कळलं.

"मी," ती म्हणाली. भांडून ते कपाळ काही परत येणार नव्हतं.

सरांनी तेवढा भाग कापून बाकीचं जोडायला सांगितलं. हातानं फिरवायच्या यंत्रातल्या बोटभर काचेवर एकेक चित्र बघायचं, ब्लेडनं कापायचं, टोक खरवडून उग्र वासाचा चिकटा लावायचा आणि दाबून धरायचं. तिच्या पहिल्या दोन जोडण्या प्रोजेक्टरमध्ये तुटल्या. तिसरी टिकली. पण कापलेला भाग तिनं टाकला नाही. आठ दिवस ती तो काचेखाली पुढंमागं फिरवत राहिली. फेरीच्या सुरुवातीला एका ठिकाणी तिचंच बोट भिंगावर आलं होतं. तिथं वरून काही उमटलं नव्हतं आणि खालचे आबा स्वच्छ होते. सोळा चित्रं, म्हणजे जेमतेम एक सेकंद.

तिनं पत्र टाकलं. तुळशीराम नातीला घेऊन एसटीनं आले. कोकिळेला स्टुलावर उभं करून रुख्मिणीनं यंत्राचा दिवा लावला.

"कोण दिसते?" तुळशीरामांनी विचारलं.

"आबा."

"नीट पाह्य, बाई. तुहा बा हाय तो."

कोकिळेनं पुन्हा डोळा लावला, मग मागं वळून त्यांच्याकडं बघितलं. "हे त तुमीच," ती म्हणाली आणि रडकुंडीला आली. "बा कुठी हाय?"

तुळशीरामांनी तिला खाली उतरवलं. स्वतः त्यांनी काचेत बघितलंच नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर पोर त्यांच्या मांडीवर झोपली. तिच्या केसांवरून हात फिरवत ते म्हणाले, "तुले त आठवते ना त्याचं तोंड?"

"हो, मामाजी."

ती खोटं बोलली. आठ दिवस त्या काचेला डोळा लावल्यापासून, डोळे मिटले की तिला सासऱ्यांचंच तोंड दिसत होतं. शेषरावाचं आठवायला गेलं की तिथं हेच येऊन उभं राहायचं.

जूनमध्ये तिला मोताळा तालुक्यातल्या एका शाळेवर नेमणूक मिळाली. दिवाळीनंतर खर्चे सरांचं कार्ड आलं, नव्या मुलांना कॅमेरा शिकवायला चार दिवस याल का. तिनं उलट टपाली, जमणार नाही, असं कळवलं.